यादीतलं वय

वाघजाईवाडीत पूर्वी सोयरीक ठरवताना विचारायचे, जमीन किती? जमिनी कंपन्यांच्या भिंतीआड गेल्या आणि आता विचारतात, घरात मतं किती? ज्या घरात अकरा मतं, त्या घरापुढं निवडणुकीच्या दिवसांत गाडी उभी राहते, पुढारी आत येऊन चहा पितो, म्हातारीच्या गुडघ्यांची चौकशी करतो. ज्या घरात दोन, त्याला रस्त्यावरूनच नमस्कार. तेव्हा इथं आपलं मत कुणी सुखासुखी कमी होऊ देत नाही. लेक लग्न होऊन रावेतला फ्लॅटात गेली तरी तिचं नाव माहेरच्या यादीतच असतं, आणि मतदानाला तिला गाडी पाठवून आणतात. म्हातारा गेला, तेरावं झालं, सातबाऱ्यावरून त्याचं नाव उतरलं, वारसांची भांडणं कोर्टात पोचली, तरी यादीत तो ठणठणीत असतो. सातबाऱ्याची घाई सगळ्यांना, यादीची कुणालाच नाही.

केसरबाई लिंभोरेच्या घरात मतं तीन होती आणि माणसं दोन.

तिसरं मत विजयश्रीचं. एकुलती एक पोर. आकुर्डीच्या कॉलेजात शिकत असताना तिथं नावनोंदणीचं शिबिर झालं. पोरीनं फॉर्म भरला, गावाचा पत्ता टाकला आणि घरी येऊन म्हणाली, "आई, आता मी पण मतदार. आता माझ्या पण पाया पडतील." त्याच पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं. पिंपरीच्या दवाखान्यात पाच दिवस काढले आणि सहाव्या दिवशी ती गेली. एकोणीस वर्षांची होती. तिचं मतदार कार्ड पोस्टानं आलं ते तेराव्यानंतर चार दिवसांनी. पोस्टमन नवा होता. दारात उभं राहून त्यानं नाव वाचलं आणि म्हणाला, "सहीला त्यांनाच बोलवा."

ते कार्ड केसरबाईनं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं आणि डबा पिठाच्या पिंपामागं सारला. पुढं लोकसभा आली, विधानसभा आली. गावच्या अंगणवाडीची सेविका वर्षाली, यादीचं काम तिच्याच गळ्यात. मतदानाच्या आधी ती घरोघर चिठ्ठ्या वाटायची. केसरबाईच्या दारात तीन चिठ्ठ्या द्यायची आणि खाली मान घालून पुढच्या घरी जायची. एकदा तिनं हळूच विचारलं होतं, "काकू, नाव काढायचं का?" केसरबाईनं ऐकलं न ऐकलं केलं. वर्षालीनं पुन्हा विचारलं नाही.

चिठ्ठीपेक्षा खरी ओढ यादीची. दर वर्षी नवी यादी चावडीच्या भिंतीवर लागली की केसरबाई दुपारच्या सामसुमीत जायची. चौथीपर्यंत शिकलेली होती. नावांखालून बोट फिरवत चारशे बारापाशी यायची. विजयश्री सोपान लिंभोरे, स्त्री, वय १९. पुढच्या वर्षी तिथंच, वय २०. मग २१. मग २२. यादीत पोर मोठी होत होती. तिच्याबरोबरच्या मुलींची लग्नं झाली, एकीला मूल झालं, आणि केसरबाई भिंतीपुढं उभी राहून मनात म्हणायची, आता आपल्या विजूचंही बघायला हवं. याला वेड म्हणा हवं तर. वेड कुणाला नसतं, फक्त तिचं सरकारी कागदावर छापलेलं होतं. यंदाच्या यादीत पोर तेवीस वर्षांची होती.

नवऱ्याला यातलं काही ठाऊक नाही असं ती धरून चालली होती.

सोपानरावाचं वेगळंच चाललं होतं. जन्मात सुपारीचं खांड तोंडात न धरलेला माणूस. पोर गेल्यावर सहा महिन्यांनी तो फाट्यावरच्या देशी दारूच्या दुकानात पहिल्यांदा गेला आणि मग रोज जाऊ लागला. कुणाला शिवी नाही, बायकोवर हात नाही. भांडला असता तर निदान घरात आवाज तरी झाला असता. दुपारी चारला कंपनीचा भोंगा वाजला की हातातलं काम टाकायचं, हात धुवायचे आणि चालू लागायचं. कंपनीच्या कामगारांना सुद्धा एवढी शिस्त नव्हती.

डिसेंबरात गरव्या कांद्याची लागण आली. लिंभोऱ्यांकडं आता वीस गुंठे उरले होते, कंपनीच्या भिंतीला लागून. सकाळी नऊपर्यंत भिंतीची सावली वाफ्यांवर असायची आणि चिखलात पाय घातला की पोटऱ्यांपर्यंत कळ जायची. केसरबाई वाकून रोपं लावायची, सोपानराव पुढं दारं धरायचा. खोऱ्यानं एक वाफा फोडायचा, पाणी भरलं की दुसरा. हाताला अजून चांगला होता. चार वाजेपर्यंत त्याच्यासारखा पाणी देणारा माणूस त्या शिवारात नव्हता.

चारला भोंगा झाला. त्यानं खोरं बांधावर ठेवलं.

"अवो, एवढा वाफा तरी भरू द्या," केसरबाई वाकल्यावाकल्याच म्हणाली.

"भरतोय आपलाआपला," तो म्हणाला आणि गेला.

वाफा भरला आणि फुटला. दोन वाफ्यांतली सकाळी लावलेली रोपं वाहून भिंतीच्या कडेला गोळा झाली. दिवस मावळतीला आला तरी केसरबाई ती चिखलातून वेचत होती, तेवढ्यात कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. दुकानातला माणूस होता. "मावशी, तुमचा माणूस हितं आडवा झालाय. गिऱ्हाइकाची वाट अडतीय. न्या."

ती तशीच चिखलाच्या पायांनी गेली. दुकानापुढं पहिल्या पाळीतून सुटलेले कंत्राटी कामगार उभे होते. सोपानराव भिंतीला टेकून बसला होता, एका पायात चप्पल नव्हती. एकानं मोबाइल काढून धरला होता. दुसरा म्हणाला, "मावशी, आल्यासारखं तुम्ही पण घ्या थोडी," आणि चारपाच जण हसले. तिनं पदर खोचला, नवऱ्याचा हात गळ्यात घेतला आणि त्याला उभा केला. दुसरी चप्पल शोधायला ती वाकली तेव्हा त्याचा सगळा भार तिच्यावर आला आणि ती गुडघ्यावर पडली. कुणी पुढं आलं नाही. अर्ध्या वाटेवर तो थांबला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "केसर, पान्याचं दार उघडं ऱ्हायलं गं."

"ऱ्हायलं व्हतं. चला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कुसुमताई बांधावर आली. कुसुमताई म्हणजे गावातल्या सगळ्या बचत गटांची अध्यक्षा, बोलायला खणखणीत, चार बायकांत उठून दिसणारी. दुकान बंद करायचा अर्ज तिनंच घरोघर फिरवला होता. सह्या झाल्या होत्या, त्यात केसरबाईचीही होती.

"वहिनी, काल बघितलं म्या," कुसुमताई म्हणाली. "किती दिस असं गळ्यात घिऊन फिरनार?"

"जितके दिस व्हईल तितके. बसा की."

"बसाया न्हाई आले. मतदानाची तारीख मिळाली. जानेवारीत, शाळेत. फक्त बायकांनी मत द्यायचं. उभी बाटली म्हंजी दुकान ऱ्हाऊ द्या, आडवी म्हंजी बंद. पन कायद्यानं एक पाचर मारून ठिवलीय."

"कसली?"

"ज्या येतील त्यांच्यातल्या निम्म्या धरत न्हाईत. यादीत जेवढ्या बाया हायेत, त्याच्या निम्म्याहून जास्तींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला पायजे. जी आली न्हाई ती दुकानाच्या बाजूनं. सासरी गेलेली लेक, दुकानाच्या बाजूनं. वर गेलेली सासू, ती बी दुकानाच्याच बाजूनं."

केसरबाईचे हात रोपांच्या जुडीवर थांबले.

"म्हंजी माजी विजू..."

कुसुमताईनं नजर कंपनीच्या भिंतीकडं वळवली. "मी नाव न्हाई घेतलं वहिनी. पन तुमीच इचार करा. ज्या दुकानानं तिच्या बापाला खाल्लं, त्या दुकानाला पोरीचं मत. तिनं दिलं असतं का?"

केसरबाईनं जुडीतलं एक रोप काढलं आणि वाफ्यात दाबलं. चिखलात उभं राहून तिच्या पायांना मुंग्या आल्या होत्या.

"समद्यांनी काढायचं ठरलंय," कुसुमताईनं आवाज जरा खाली आणला. "म्या बी काढतीय. सासूबाईंचं, दोन्ही लेकींचं. तीन मतं जात्यात माजी. पन करावं लागतंय."

तीन दिवस केसरबाईनं लागण केली आणि कुणाशी बोलली नाही. भाकरी थापताना, पाणी तापवताना, एकच गोष्ट डोक्यात. नाव काढलं नाही आणि दुकान राहिलं तर नवरा जाणार. नाव काढलं तर पोर जाणार, दुसऱ्यांदा. जिवंत माणसासाठी मेलेलं सोडावं, हे कुणीही सांगेल. सांगणाऱ्याचं काय जातं. पण चौथ्या दिवशी चारचा भोंगा झाला, सोपानराव गेला, आणि तिनं कॉटखालची त्याची प्लास्टिकची फाइल ओढली.

फाइलीत सातबारे, संपादनाच्या नोटिसा, वीजबिलं. मृत्यूचा दाखला सगळ्यांत तळाशी निघाला. घडीवर इतका झिजला होता की चार तुकडे व्हायचे बाकी होते, आणि मागून कुणी चिकटपट्टी लावली होती. सरकारी कागद असाच फुसका, तिला वाटलं. तिनं तो पदरात गुंडाळला, फाट्यावर जाऊन झेरॉक्स काढली. झेरॉक्सवाला दुकानाच्या शेजारीच. सोपानराव पाठमोरा उभा होता, हातात काचेचा ग्लास घेऊन. त्यानं पाहिलं नाही.

सकाळी ती अंगणवाडीत गेली. पोरं खिचडीची ताटं वाजवत होती. वर्षालीनं झेरॉक्स बघितली आणि आधी तिला बसायला पाट दिला.

"नमुना सात भरावा लागतो काकू. मी भरते, तुम्ही फक्त सांगा." ती लिहू लागली. "अर्जदाराचं नाव केसरबाई सोपान लिंभोरे. ज्याचं नाव वगळायचं त्याचं..." ते तिनं न विचारता लिहिलं. "नातं?"

"आई."

"कारण," वर्षाली म्हणाली आणि तिथंही विचारलं नाही, चौकटीत खूण केली. "इथं सही."

केसरबाईनं पेन हातात घेतलं. "वर्षे, हे एकदा काढलं का मंग तिचं वय बी लागनार न्हाई का?"

वर्षालीला प्रश्न कळला नाही. "नावच राहत नाही काकू, मग वय कुठून?"

"तसंच म्हन की," केसरबाई म्हणाली आणि सही केली. केसर लिहून झाल्यावर बाईतला ब सुटला, तो वरून घातला.

"आता सात दिवस चावडीवर नोटीस लागते," वर्षाली म्हणाली. "कुणाची हरकत असली तर ऐकून घेतात. मग नाव जातं."

"कुनाची हरकत असनार?"

"नसते कुणाची. नियम आहे आपला."

नोटीस लागली. त्यात चारच नावं होती. बाकीची पुढच्या खेपेला लागतील, असं केसरबाईनं धरलं. चौथं नाव विजयश्रीचं आणि त्यापुढं छापील अक्षरात मयत. ते सात दिवस केसरबाई रोज काही ना काही निमित्त काढून चावडीवरून गेली. कधी मीठ आणायला, कधी दळण. पहिल्या दिवशी तिला सोपानराव बघेल अशी धास्ती होती. पण त्याची वाट फाट्याची, चावडी दुसऱ्या अंगाला. मग ती धास्ती गेली आणि दुसरंच काही सुरू झालं. तिला उगाच वाटत राहिलं, कुणीतरी हरकत घेईल. पोरीच्या कॉलेजातलं कुणी, एखादी मैत्रीण, शाळेतला मास्तर. कुणीतरी येऊन म्हणेल, हे नाव काढू नका. स्वतः अर्ज करून स्वतःच हरकतीची वाट बघत बसायचं, असं शहाणपण तिनं जन्मात केलं नव्हतं. सातव्या दिवसापर्यंत कुणी आल्याचं तिच्या कानावर आलं नाही. आठव्या दिवशी कागद निघाला आणि भिंतीवर डिंकाचे चार डाग राहिले.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढं बायकांची रांग लागली. ठेवणीतली पातळं नेसून आल्या होत्या, काही तर मुद्दाम हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या. पुरुष फाटकाबाहेर गप्प उभे. तालुक्याहून साहेब आले होते, पोलीस होते, आणि वर्षाली टेबलापाशी यादी धरून बसली होती. एरवी निवडणुकीत दारोदार गाड्या फिरतात. त्या दिवशी एकही गाडी फिरली नाही. म्हाताऱ्या बायका काठी टेकत चालत आल्या. एकीला तर तिच्या सुनेनं पाठीवर घेऊन आणलं.

केसरबाईचं नाव चारशे अकरा. साहेबानं पट्टी लावून त्यावर रेघ मारली. तिची नजर पट्टीच्या पलीकडं गेली. चारशे बाराच्या चौकटीत पोरीचं नाव होतं आणि त्यावर तिरपा शिक्का, वगळले. वय दिसू नये अशा बेतानं नेमका तिथूनच तो गेला होता.

"बाई, बोट पुढं करा," कुणी म्हणालं.

शाई लावून घेतली, कागद घेतला, खोक्याच्या आड गेली. कागदावर दोन बाटल्या, एक उभी, एक आडवी. तिनं आडवीवर शिक्का मारला आणि तो नीट उमटला का, हे दोनदा बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा तिला आपण काहीतरी केल्यासारखं वाटलं.

पाचला मोजणी झाली. साहेब पायरीवर उभं राहून वाचू लागले. एकूण महिला मतदार सहाशे एकतीस. निम्म्याहून अधिक म्हणजे तीनशे सोळा मतं हवीत. आडव्या बाटलीला तीनशे नऊ. उभीला एक्केचाळीस. बाद सहा. बायकांना आधी वाटलं, जिंकलो. तीनशे नऊ आणि एक्केचाळीस, यात काय विचारायचं? एकीनं टाळ्याही वाजवल्या. मग साहेब म्हणाले, "आवश्यक संख्या न झाल्यानं दुकान सुरू राहील," आणि कागदाची घडी घालून गाडीकडं गेले. फाट्यावर फटाक्यांची माळ लागली.

बायका पांगल्या. केसरबाई वर्षालीपाशी पायरीवर बसली.

"वर्षे, नावं किती निघाली समदी?"

"नऊ."

"आख्ख्या गावातनं नऊ?"

"अजून चौदा निघाली असती तर झालं असतं काकू. मी तीसएक घरांत फॉर्म देऊन आले होते. कुणी परत दिलेच नाहीत."

"कुसुमताईची तीन धरून नऊ?"

 वर्षालीनं यादीचं पान उलटून तिच्यापुढं धरलं. सासू, वय ९४. थोरली लेक, वय ३३. धाकटी, वय ३०. तिन्ही चौकटी कोऱ्या करकरीत, एकीवरही शिक्का नव्हता.

कुसुमताई नळापाशी तोंड धूत होती. रडलेली दिसत होती आणि ते खोटं नव्हतं. केसरबाई तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"कुसुमताई, तुमची नावं हायेत की यादीत."

कुसुमताईनं पदरानं तोंड पुसलं, पुसतच राहिली. "आमचा जयदीप उभा ऱ्हातोय ग्रामपंचायतीला, वहिनी. दोन महिन्यांवर आलीय. घरातलीच मतं कशी कमी करू? लेकी येत्यात मतदानाला."

"मंग आज का न्हाई आल्या?"

"आज गाडी कोन धाडनार?"

"आन् सासूबाई? त्यास्नी बी गाडी धाडता का?"

कुसुमताईनं नळ बंद केला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, मतं कमी झाली का दारात कुनी उभं ऱ्हात न्हाई. तुमाला ठाव न्हाई व्हय?"

"मला ठाव हाय," केसरबाई म्हणाली.

ती घरी आली. सोपानराव फाट्यावरून अजून यायचा होता. फटाक्यांचा वास घरापर्यंत आला होता. तिनं पिठाच्या पिंपामागचा डबा काढला, कार्डावरचा पोरीचा फोटो बघितला आणि पहिल्यांदाच तिला पोरीपुढं मान वर करता येईना. पोर दिली होती आणि बदल्यात काही मिळालं नव्हतं. असं नुकसान कुणाला सांगायचं?

फेब्रुवारीत नवी यादी लागली. केसरबाई बघायला गेली नाही. कांद्याची खुरपणी चालली होती. ग्रामपंचायतीच्या गाड्या गावात फिरत होत्या आणि जयदीप हात जोडून घरोघर जात होता. लिंभोऱ्यांच्या दारात तो थांबला, पण आत आला नाही.

एका दुपारी तीनच्या सुमाराला वर्षाली चिठ्ठ्या घेऊन आली. सोपानराव ओट्यावर खुरप्याला धार लावत होता. त्यानं हात पुढं केला. वर्षालीनं दोन चिठ्ठ्या दिल्या. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा दारात उभ्या केसरबाईकडं, आणि गेली.

सोपानरावानं दोन्ही चिठ्ठ्या डोळ्यांजवळ धरून वाचल्या. उलटून मागच्या बाजूही बघितल्या. केसरबाई दारातून बघत होती. त्या पोरीचं नाव चार वर्षांत या माणसानं तोंडातून काढलं नव्हतं. आता विचारील आणि आपण काय सांगणार? विचारायच्या आधी तिनंच सांगून टाकलं.

"तिची न्हाई आली. म्या नाव काढलं."

"ठाव हाय."

"कसं?"

"भितीवर वाचलं की. चावडीवर." तो खुरपं बाजूला ठेवत म्हणाला. "यादी लागली का जातोच मी दर साली. नोटीस बी दिसली."

केसरबाई उंबऱ्यावर बसली. "मंग बोलला का न्हाई?"

सोपानराव चिठ्ठ्यांच्या कडा जुळवत राहिला. बोलायची सवय गेलेली, शब्द लवकर येईनात.

"हरकत घ्याया गेलो व्हतो. शेवटल्या दिशी, सकाळचा. पिऊन न्हवतो गेलो. वर्षालीनं फॉर्म दिला. तुला सांगू नगं म्हनालो तिला. माजं नाव लिवलं, तिचं लिवलं. नातं, बाप. मंग खाली व्हतं, हरकतीचं कारन." त्यानं चिठ्ठ्या पुन्हा उलट्या केल्या. "काय लिवू? पोरगी जिती हाय, म्हनून लिवू?"

केसरबाईला तो दाखला आठवला. घडीवर झिजलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. कागद फुसका नव्हता, उघडून उघडून झिजला होता.

सोपानराव उठला, आत गेला, पिठाचं पिंप सरकवलं आणि डबा काढला. डबा कुठं आहे हे त्यानं विचारलं नाही. दोन्ही चिठ्ठ्या त्यानं पोरीच्या कार्डावर ठेवल्या आणि झाकण लावायच्या आधी म्हणाला, "चोवीस."

"काय?"

"औंदाच्या यादीत चोवीस लागलं असतं."

केसरबाई रडली. पोर गेली तेव्हा चार बायकांत रडली होती तशी नाही. मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता. चार वर्षं एका भिंतीपुढं दोघं उभी राहत होती, ती दुपारी, तो सकाळी, आणि एकमेकांना चुकवत होती. सोपानराव डबा मांडीवर घेऊन तिच्याजवळ उंबऱ्यावर बसला. तिच्या पाठीवर हात ठेवायला हवा हे त्याला कळत होतं, पण हात काही उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी चारला तो फाट्यावर गेला, हे सांगितलं पाहिजे. त्याच्या पुढच्या दिवशीही गेला. दुकान उघडंच होतं. पण चिठ्ठ्या आल्या त्या दिवशी चारचा भोंगा झाला, कंपनीच्या बसगाड्या एकामागून एक फाट्याकडं निघून गेल्या, आणि सोपानराव खोरं खांद्यावर टाकून केसरबाईच्या मागोमाग मळ्यात आला. ती वाकून खुरपत होती आणि पाणी शेवटच्या वाफ्यात पोचेपर्यंत तो दारं धरून उभा होता.